क्वांटम डॉटचा उजेड त्याच्या शेजारावर का अवलंबून असतो?

२०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्वांटम डॉटचा शोध आणि निर्मिती यांसाठी अलेक्सेई एकिमोव्ह, लुईस ब्रूस आणि मौंगी बावेंडी यांना मिळाले, तेव्हा टीव्हीच्या जाहिरातींतून कानावर पडलेला हा शब्द अनेकांनी पहिल्यांदाच गांभीर्याने वाचला. या विषयावरच्या बातम्यांत एक मथळा निरनिराळ्या रूपांत पुन्हापुन्हा भेटतो: अमुक नॅनोरचनेत ठेवल्यावर क्वांटम डॉट शेकडो, कधी हजारो पट प्रखर झाला. नॅनोरचना म्हणजे मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाइतक्या मापाची कोरीव किंवा जुळवलेली मांडणी. वाचकाला साहजिकच प्रश्न पडतो की, कण तोच आणि त्याच्यावर टाकलेला प्रकाशही तोच, तर हा जास्तीचा उजेड आला कुठून? शेजारी चांदीचा एक घन ठेवल्याने कणाच्या अंगी नवे बळ येते की काय?

तसे काही होत नाही. प्रकाश देणे हे एकट्या कणाचे काम नसून कण आणि त्याचा शेजार या दोघांचे मिळून असते, एवढे ध्यानात घेतले की या बातम्यांतले आकडे कशाचे आहेत हे ओळखता येते. ते ओळखावे लागते, कारण ‘प्रखर’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

क्वांटम डॉट म्हणजे काय?

क्वांटम डॉट हा अर्धवाहक पदार्थाचा, म्हणजे सिलिकॉनच्या गणगोतातल्या एखाद्या पदार्थाचा, साधारण २ ते १० नॅनोमीटर आकाराचा स्फटिक असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला ऊर्जा मिळाली की तो वरच्या पायरीवर चढतो, खाली त्याची जागा रिकामी राहते, आणि तो पुन्हा त्या जागेत उतरला की मधल्या फरकाची ऊर्जा प्रकाशकणाच्या, म्हणजे फोटॉनच्या, रूपाने बाहेर पडू शकते. मोठ्या स्फटिकात या पायऱ्यांमधले अंतर पदार्थानेच ठरवून दिलेले असते. स्फटिक अगदी लहान केला तर इलेक्ट्रॉन त्यात कोंडला जातो आणि तार आखूड केल्यावर सूर चढावा तसे हे अंतर वाढते. म्हणून कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर आणि ६ नॅनोमीटरच्या आसपासचा कण लाल प्रकाश देतो. पदार्थ तोच, फक्त माप वेगळे.

एकिमोव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी रंगीत काचेत आणि ब्रूस यांनी द्रावणातल्या कणांत हा परिणाम पाहिला. ठरवलेल्या मापाचे, निर्दोष म्हणावेत असे कण हमखास बनवण्याची पद्धत बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दिली. रंगाचा प्रश्न तिथे बराचसा सुटला. उजेडाचा प्रश्न निराळा आहे.

उजेड कुठे हरवतो?

वरच्या पायरीवर चढलेल्या इलेक्ट्रॉनपुढे दोन वाटा असतात. एक प्रकाशाची, दुसरी वाया जाण्याची: कणाच्या पृष्ठभागावर अर्धवट सुटलेले रासायनिक बंध असतात, इलेक्ट्रॉन त्यांत अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन विरते. या दोन वाटांमध्ये शर्यत असते. समजा, वाया जाण्याची वाट प्रकाशाच्या वाटेच्या चौपट वेगाची आहे; तर पाचांतला एकच इलेक्ट्रॉन फोटॉन देईल आणि कार्यक्षमता २० टक्के राहील.

यावर सरळ उपाय म्हणजे वाया जाणारी वाट बुजवणे. १९९६ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या कणाभोवती झिंक सल्फाइडचे पातळ कवच चढवून कार्यक्षमता ५० टक्क्यांपर्यंत नेल्याचे दाखवले गेले, आणि कवचाची ही युक्ती पुढे सर्वमान्य झाली. मात्र त्याच वर्षी असेही दिसले की एकेकटा डॉट अखंड प्रकाशत नाही. तो लुकलुकतो, म्हणजे मध्येच काळोखात जातो आणि पुन्हा उजळतो. कवचाने सगळे प्रश्न मिटत नाहीत ते असे.

दुसरा उपाय शर्यतीतला पहिला गडी वेगवान करण्याचा. वरच्या उदाहरणात प्रकाशाची वाट दहापट वेगाची केली आणि दुसरीला हातही लावला नाही, तरी चौदांपैकी दहा, म्हणजे सुमारे ७१ टक्के इलेक्ट्रॉन फोटॉन देतील. वेग दहापट वाढला, उजेड मात्र साडेतीन पटच वाढला, ही गोष्ट इथेच नोंदवून ठेवावी, पुढे ती लागणार आहे. पण वेग वाढवायचा कसा? तो तर कणाचा स्वभाव असायला हवा.

नादकाटा आणि टेबल

शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून हातात धरला तर त्याचा आवाज जेमतेम ऐकू येतो आणि तो बराच वेळ कंप पावत राहतो. त्याचा दांडा टेबलावर टेकवला की आवाज एकदम मोठा होतो आणि काटा लवकर शांत होतो. टेबलाने काट्याला ऊर्जा दिलेली नसते. आहे ती ऊर्जा हवेत सोडण्याची सोय त्याने करून दिलेली असते. काट्याचा सूर बदलत नाही, पण तो आपली ऊर्जा किती झपाट्याने बाहेर टाकतो हे तो कशाला टेकला आहे यावर ठरते. हाच दांडा उशीवर टेकवला तर काटा शांत होईल खरा, पण आवाज न करता; ऊर्जा उशीतच जिरेल. टेबल आणि उशी ही दोन्ही चित्रे मनात असू द्यावीत, कारण पुढची जवळपास सगळी कथा या दोघांच्या ओढाताणीची आहे.

क्वांटम डॉट हा असाच काटा आहे. तो प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असतो (दृश्य प्रकाशाची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, डॉट दहाच्या आत), त्यामुळे एवढा मोठा तरंग बाहेर सोडणे त्याला सहज जमत नाही. खोलीच्या तापमानाला कॅडमियम सेलेनाइडच्या डॉटला एक फोटॉन सोडायला साधारण २० नॅनोसेकंद लागतात. माणसाच्या हिशेबाने हा काळ नगण्य असला, तरी इलेक्ट्रॉनच्या जगात वाया जाण्याच्या वाटांना एवढा अवकाश पुरेसा होतो.

पर्सेल यांचे छोटेसे टिपण

शेजार बदलून उत्सर्जनाचा वेग बदलता येतो, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये एका अगदी छोट्या टिपणात मांडले. गंमत म्हणजे ते प्रकाशाबद्दल नव्हतेच. अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अवस्था रेडिओ तरंग सोडून शांत व्हायला किती वेळ घेतील, हा त्यांचा प्रश्न होता. मोकळ्या अवकाशात तो काळ ५ वर २१ शून्ये इतके सेकंद येतो, म्हणजे विश्वाच्या वयाच्या दहा हजार पटींहून अधिक. केंद्रक योग्य अनुस्पंदकाशी जोडले, तर हाच काळ मिनिटांवर येऊ शकतो असे त्यांनी गणित करून दाखवले. अनुस्पंदक म्हणजे एका ठराविक कंपनाला घुमवत ठेवणारी जागा; पोकळ घुमटात एखादा सूर घुमतो, तशी.

या गणिताचे सार दोन गोष्टींत येते. तरंग त्या जागेत जितका जास्त वेळ घुमेल आणि ती जागा जितकी लहान असेल, तितका उत्सर्जनाचा वेग वाढतो. यालाच पर्सेल परिणाम म्हणतात. दृश्य प्रकाशाच्या बाबतीत त्याचा एक सुंदर पुरावा १९७०च्या सुमारास कार्ल हाइन्झ ड्रेक्सहागे यांनी दिला. त्यांनी युरोपियम असलेल्या चमकत्या रेणूंचा थर आरशापासून मोजून मापून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवला, आणि अंतर बदलेल तसा त्या रेणूंचा विझण्याचा काळ कधी वाढत, कधी घटत गेला. ज्या रेणूंना कोणी स्पर्शही केला नव्हता, त्यांचे वागणे पलीकडच्या आरशाने बदलले.

याची उलट बाजूही आहे. १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे अशी कल्पना मांडली की, नियमित अंतरांवर पदार्थ बदलत जाणारी रचना काही तरंगलांबींना आत शिरूच देणार नाही. तिला फोटॉनिक स्फटिक म्हणतात. तिच्या आत बसवलेल्या कणाला प्रकाश सोडायला जागाच उरत नाही, म्हणून तो खोळंबून राहतो. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र फोटॉनिक स्फटिकांत क्वांटम डॉट बसवून, छिद्रांमधल्या अंतरानुसार त्यांचे उत्सर्जन मंदावते किंवा वेग घेते, हे प्रत्यक्ष दाखवले.

आरशांची कोठडी की चांदीची फट?

वेग वाढवण्याचे दोन मार्ग पर्सेल यांच्या सूत्रातूनच निघतात: तरंगाला फार वेळ घुमवणे किंवा जागा फार लहान करणे.

पहिल्या मार्गात डॉटला वरखाली आरशासारख्या थरांनी बंद केलेल्या सूक्ष्म खांबात किंवा फोटॉनिक स्फटिकाच्या एखाद्या मोकळ्या घरात बसवतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी इंडियम आर्सेनाइडचे डॉट अशा खांबांत ठेवून उत्सर्जनाचा वेग सुमारे पाचपट केला. हा मार्ग देखणा आहे, पण त्याची अट कडक आहे. जितका जास्त वेळ घुमणारा अनुस्पंदक, तितका तो एकाच सुराचा हट्टी. दहा हजार फेऱ्यांच्या दर्जाचा अनुस्पंदक ९४० नॅनोमीटरच्या आसपास फक्त एक दशांश नॅनोमीटर रुंदीचा पट्टा स्वीकारतो. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या जवळ गारठवलेल्या डॉटचा प्रकाश तेवढ्या अरुंद पट्ट्यात बसतो. खोलीच्या तापमानाला द्रावणात बनवलेल्या डॉटचा प्रकाश मात्र वीस-तीस नॅनोमीटर पसरलेला असतो, आणि त्यातला बहुतेक भाग त्या कोठडीच्या दाराशीच अडतो. अनेक लेखांत हा फरक सांगितला जात नाही, आणि मग थंड प्रयोगशाळेतला निष्कर्ष टीव्हीच्या पडद्याला लावला जातो.

दुसऱ्या मार्गात धातू येतो. चांदी किंवा सोन्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर सामुदायिक झोके घेतात, आणि दोन धातूंच्या मधल्या काही नॅनोमीटरच्या फटीत प्रकाशाचे क्षेत्र त्याच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान जागेत दाबले जाते. इथे तरंग फार वेळ घुमत नाही, काही झोक्यांतच संपतो. पण म्हणूनच ही फट एकसुरी नसते आणि खोलीच्या तापमानाच्या डॉटचा पसरट प्रकाशही ती सामावून घेते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने सोन्याच्या पातळ थरावर पॉलिमरचा पापुद्रा, त्यावर क्वांटम डॉट आणि त्यावर चांदीचा नॅनोघन अशी मांडणी केली. उत्सर्जनाचा वेग ८८० पट झाला, विझण्याचा काळ ११ पिकोसेकंदांच्या खाली आला (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) आणि एकूण प्रकाश २,३०० पट नोंदला गेला.

धातू तर प्रकाश गिळतो ना?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देऊ नये. धातू गिळतोच. डॉट धातूला फार जवळ आला, तर त्याची ऊर्जा मोकळ्या प्रकाशात न जाता थेट धातूत शिरते आणि तिथे उष्णता होते. ही ती उशी. साध्या सपाट धातूजवळ काही नॅनोमीटरवर ठेवलेला डॉट विझल्यात जमा असतो. मधला पापुद्रा अगदी पातळ असला तर ऊर्जा जिरते आणि फार जाड असला तर फटीचा फायदा उरत नाही, त्यामुळे सगळी कसोटी त्या एकदोन नॅनोमीटरच्या मापात असते. शिवाय घनाचा आकार असा लागतो की फटीत कोंडलेली ऊर्जा धातूत मुरण्याआधी बाहेर फेकली जाईल. रेडिओचा अँटेना हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो, म्हणून अशा रचनांना नॅनोअँटेना म्हणतात. ड्यूकच्या प्रयोगात हे सगळे जुळूनही कार्यक्षमता सुमारे ५० टक्के होती. म्हणजे निम्मी ऊर्जा तरीही उशीतच गेली.

‘२,३०० पट’ यात ऊर्जा कुठून आली?

कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. डॉट आधी २० टक्के कार्यक्षम असेल आणि नंतर ५० टक्के झाला असेल, तर या एका कारणाने उजेड फक्त अडीचपट वाढेल. मग उरलेली जवळजवळ हजारपट वाढ कशाची?

तिचे दोन भाग आहेत. नॅनोअँटेना जसा प्रकाश बाहेर फेकतो, तसाच आत ओढूनही घेतो. डॉटला उत्तेजित करण्यासाठी जो लेसर सोडलेला असतो, त्याचा फारच थोडा अंश एरवी एवढ्याशा कणाला लागतो आणि बाकीचा बाजूने निघून जातो. फटीत तो प्रकाश एकवटतो आणि डॉटला कितीतरी अधिक वेळा उत्तेजित करतो. दुसरा भाग दिशेचा. मोकळा डॉट चहूकडे प्रकाश टाकतो आणि त्यातला मोजकाच प्रकाश मोजणाऱ्या भिंगात पोचतो. नॅनोअँटेना तो एका बाजूला वळवतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेला धक्का लागलेला नसतो, कारण जमेची बाजू लेसरमधल्या एरवी फुकट गेलेल्या प्रकाशाने भरलेली असते.

तर ‘प्रखर’ या शब्दाखालच्या तीन गोष्टी अशा: कणात किती ऊर्जा पोचली, पोचलेल्यातली किती प्रकाश झाली, आणि झालेल्यातली किती आपल्या दिशेला आली. प्रखरतेची तुलना काचेवर पडलेल्या उघड्या डॉटशी आहे की आधीच चांगल्या बनवलेल्या दिव्याशी, हेही पाहावे लागते. माझ्या मते बातमीत ‘कशाच्या पट’ हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा वाचून सोडून द्यावा.

आधीच ९५ टक्के कार्यक्षम असलेल्या डॉटला या खटाटोपाचा काय उपयोग, अशीही शंका निघते. मंद प्रकाशात फारसा नाही. पण डॉटला जोराने चेतवले की त्याची मर्यादा उघडी पडते. दर फोटॉनला २० नॅनोसेकंद लागत असतील, तर एक डॉट सेकंदाला फार तर ५ कोटी फोटॉन देईल. त्याहून जास्त ऊर्जा ओतली, तर पहिला इलेक्ट्रॉन उतरण्यापूर्वीच दुसरा चढतो आणि एकाची ऊर्जा दुसऱ्याने हिसकावून उष्णतेत घालवण्याचा प्रकार सुरू होतो, ज्याला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर ओझे (Auger) यांच्या नावावरून ओझे प्रक्रिया म्हणतात. फोटॉन लवकर सुटला तर ही गर्दी होतच नाही.

बाहेर पडण्याची वाट

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे दिशेकडे, वळू. व्यवहारात कदाचित हीच सर्वांत फायद्याची आहे, मथळ्यात मात्र क्वचित येते. पाण्याखालून वर पाहिले तर बाहेरचे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा वागतो. दाट माध्यमातून विरळ माध्यमात तिरपा जाऊ पाहणारा प्रकाश असा पूर्णपणे मागे फिरतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये प्रकाश हवेतल्यापेक्षा सुमारे साडेतीन पट हळू जातो, त्यामुळे तिथली खिडकी जेमतेम १७ अंशांची असते आणि आत निर्माण झालेल्या प्रकाशातला फक्त २ टक्क्यांच्या आसपास प्रकाश वरच्या बाजूने सुटतो. द्रावणातून बनवलेल्या डॉटच्या थरांत परिस्थिती बरी असते, तरी सपाट थराच्या मागे आरसा लावूनही पाचव्या भागाच्या आसपासच प्रकाश बाहेर येतो. बाकीचा थरातच इकडून तिकडे आपटत संपतो.

या प्रकाशाला वाट करून देण्यासाठी तरंगलांबीच्या मापाच्या समांतर रेघा, खड्ड्यांची जाळी किंवा एकात एक वर्तुळे कोरतात. तिरपा प्रकाश त्यांवर आपटून सरळ होतो. एखादी निमुळती नॅनोतार हेच काम वेगळ्या रीतीने करते: डॉट तारेच्या आत असतो, प्रकाश तारेतूनच वर चढतो आणि टोकाशी हलकेच हवेत मिसळतो. २०१० मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील गटाने अशा तारेतून एकेकट्या फोटॉनांपैकी ७२ टक्के बाहेर काढल्याचे दाखवले. काजव्याच्या पोटावरचे खवलेही तिरपे आणि दातेरी असतात. त्यांची नक्कल करणारा थर साध्या एलईडीवर चढवल्यावर बाहेर येणारा प्रकाश ५५ टक्के वाढल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पर्सेल परिणामाचा काही भाग नव्हता. फक्त दार रुंद केले होते.

त्यापेक्षा जास्त डॉट का वापरू नयेत?

दाटीवाटीने बसवलेले डॉट एकमेकांचा प्रकाश शोषतात आणि शेजाऱ्याची ऊर्जा ओढून घेतात, म्हणून संख्या दुप्पट केली तरी उजेड दुप्पट होत नाही. दुसरे कारण विषारीपणाचे. कॅडमियम विषारी आहे, आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार विद्युत उपकरणांच्या एकजिनसी सामग्रीत ते वजनाने ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे. पर्याय म्हणून वापरले जाणारे इंडियम फॉस्फाइड बनवायला अधिक कटकटीचे आहे. थोड्या डॉटकडून अधिक काम घेता आले तर दोन्ही अडचणी हलक्या होतात.

काही कामांत तर डॉट एकच असावा लागतो. गुप्त संदेशवहनासाठी एका वेळी नेमका एकच फोटॉन हवा असतो. दोन सुटले तर चोरून ऐकणाऱ्याला एक मिळतो. इथे संख्या वाढवणे हा उपायच नाही, त्या एका डॉटचा प्रत्येक फोटॉन हाती लागला पाहिजे. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या गटाने, एक आरसा सरकवून जुळवता येणाऱ्या अनुस्पंदकाच्या मदतीने, लेसरच्या दर स्पंदागणिक ५७ टक्के वेळा फोटॉन शेवटच्या प्रकाशतंतूतून बाहेर मिळवून दाखवला.

मग हे टीव्हीच्या पडद्यात का आलेले नाही?

बाजारातल्या बहुतेक क्वांटम डॉट पडद्यांत डॉट स्वतः विजेवर चालत नाहीत. निळ्या दिव्यांचा प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि ते त्याचा हिरवा व लाल करून देतात. अशा पडद्यात पिकोसेकंदांच्या वेगाची गरज नसते, कार्यक्षमता आधीच उत्तम असते, आणि उरतो तो दिशेचा आणि बाहेर पडण्याचा प्रश्न. त्यासाठी साच्याने मऊ पॉलिमरवर ठसा उमटवून रेघा आणि जाळ्या बनवता येतात, आणि ही पद्धत मोठ्या क्षेत्रफळाला परवडण्याजोगी आहे. इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने एकेक रेघ कोरण्याची प्रयोगशाळेतली पद्धत तशी नाही. चांदीचे नॅनोघन द्रावणातून आपोआप बसतात हे खरे, पण ते हवे तिथे बसत नाहीत, आणि चांदी हवेत काळवंडते.

चांदीच्या फटीचा खरा ग्राहक वेगळा आहे: माहिती वाहून नेणारा प्रकाश. साधा एलईडी फार झपाट्याने उघडझाप करू शकत नाही, कारण आधीचा उजेड विझायला नॅनोसेकंद लागतात. ११ पिकोसेकंदांत विझणारा डॉट सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करू शकेल, आणि चिपवरच्या दोन भागांना तारेऐवजी प्रकाशाने जोडता येईल. ड्यूकच्या प्रयोगात मात्र डॉटला ऊर्जा लेसरने दिली होती. ती विजेने द्यायची तर इलेक्ट्रॉन आणणारा एक थर आणि रिकाम्या जागा पुरवणारा दुसरा थर, असे दोन्ही त्याच चिंचोळ्या फटीत डॉटच्या दोन्ही बाजूंना बसवावे लागतील. आणि हे थर जाड झाले की फट रुंदावते, पातळ राहिले की वीज डॉटला वगळून सरळ धातूकडून धातूकडे उडी मारते.